गवतावर राहिलेला हातमोजा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. माझ्या अंगाला तेलाचा वास येतो, दोऱ्या दोन रंगांच्या आहेत आणि अंगठ्याला ठिगळ आहे, हे मला ठाऊक आहे. मी बेसबॉलचा एक जुना हातमोजा आहे. वय शहात्तर. सध्या मुक्काम लंडनजवळ पिनरमध्ये, आयझॅक आजोबांच्या घरी, जिन्याखालच्या कपाटात. आयझॅक आजोबा मूळचे मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या घरात ऐकून ऐकून मी मराठी शिकलो, तेव्हा उच्चार चुकला तर हसायचे नाही.

माझा जन्म अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. १९४९ साली एकोणीस वर्षांच्या एल्मर डॉबिन्सने मला हातात घातले, मूठ मारून पाहिली आणि म्हणाला, "हाच." तेव्हापासून मी त्याचा झालो.

एल्मर शॉर्टस्टॉप होता. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून सुसाट आलेले चेंडू अडवणारा. त्या काळी मोठ्या शहरांतले नामवंत संघ लहान लहान गावांत आपले छोटे संघ पोसत. तिथे पोरे तयार करायची आणि एखादा चांगला निघाला की त्याला वर न्यायचे. अशा संघांना फार्म टीम म्हणत. त्यातली सगळ्यात खालची पायरी 'डी' वर्गाची. आमची सुरुवात तिथूनच झाली.

काय माणसे होती ती! दिवसभर खटारा बसमधून प्रवास, आणि बस चालवणारा आमचाच मॅनेजर. उतरले की थेट मैदानात. गणवेश मोठ्या संघाने वापरून झालेले. एल्मरच्या शर्टावर त्याच्या आधीच्या दोघांचे रफू होते आणि मोसम संपला की तोही परत करावा लागे. हातमोजा मात्र ज्याचा त्याचा. बोट मोडले तर पट्टी गुंडाळून गडी दुसऱ्या दिवशी हजर. वर जायचा निरोप शंभरात दोघा-तिघांना यायचा, तरी बाकीचे सगळे सरावाला जीव तोडून धावत. मी त्यांचा घाम प्यायलो आहे, म्हणून छातीठोकपणे सांगतो, अशी माणसे मी पुन्हा पाहिली नाहीत.

तेव्हाची एक रीत तुम्हाला गमतीची वाटेल. आपली बॅटिंग आली की खेळाडू हातमोजे आत नेत नसत. उभे असत तिथेच गवतावर ठेवून जात. मग मी पडल्या पडल्या समोरच्या संघाच्या शॉर्टस्टॉपचा खेळ बघत बसायचो. त्याच्या हातमोज्याने सुंदर झेल घेतला की मला मत्सर वाटायचा, खोटे कशाला बोलू? पुढे नियम बदलला आणि ती रीत बंद पडली.

आठ उन्हाळ्यांत एल्मर अगदी वरच्या पायरीच्या जवळ पोचला. निरोप मात्र आला नाही. शेवटी गुडघा गेला आणि खेळ संपला. मधली दोन वर्षे लष्करात असताना इंग्लंडमध्ये त्याची मॉरीनशी ओळख झाली होती. तिच्याशी लग्न करून तो पिनरला राहिला आणि हीथ्रोवर विमानांत सामान चढवू लागला. बेसबॉलचे नाव काढले की इथले लोक विचारत, "म्हणजे शाळेतल्या मुली खेळतात ते राउंडर्स?" एल्मर हसून विषय बदलायचा. मला त्याने बिस्किटांच्या डब्यात घालून माळ्यावर टाकले. मी चिडलो, रुसलो, आणि शेवटी वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालो. साठ वर्षांहून जास्त काळ माझी कुणी आठवण काढली नाही.

गेल्या वसंतात डबा उघडला. शेजारच्या आयझॅक आजोबांनी कुंपणापाशी सहज सांगितले होते की त्यांची अकरा वर्षांची नात डॅनिएला बेसबॉल क्लबात शॉर्टस्टॉप खेळते. एल्मर आता पंचाण्णव वर्षांचा. मॉरीन केव्हाच गेली होती. त्याने डॅनिएलाच्या आईला, रिवकाला, माळ्यावर चढवून मला खाली काढले, आठवडाभर तेल चोळले, नव्या दोऱ्या ओवल्या.

"त्या आठ वर्षांतलं माझ्याकडे एवढंच उरलंय," तो डॅनिएलाला म्हणाला. "खेळायला घेऊन जा. पण जप."

जुलैतल्या एका रविवारी आमचा सामना मिल्टन कीन्सला होता. एल्मरने सांगितलेली ती जुनी रीत डॅनिएलाच्या मनात भरली होती. शेवटची बॅटिंग आमची आली तेव्हा तिने कोचची नजर चुकवून, एल्मरच्या मानाखातर, मला गवतावर अलगद ठेवले. आणि आम्ही जिंकलो! पोरी किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या, गाड्यांत बसल्या आणि निघून गेल्या. मी तिथेच.

पुढचे मला मागाहून कळले. घरी पोचल्यावर तिने पिशवी उघडली.

"आजोबा, माझी चूक आहे," ती रडत म्हणाली. "एल्मर अंकलचा ग्लोव्ह ग्राउंडवर राहिला."

"मग त्यांना तूच सांग," आयझॅक आजोबा म्हणाले. "मी येतो बरोबर."

एल्मरने सगळे ऐकून घेतले. मग काठी घेऊन उठला.

"रडू नकोस, शूज घाल," गाडीची किल्ली घेऊन आलेली रिवका म्हणाली. "अजून लाइट आहे. मोटरवे क्लिअर असला तर तासाभरात पोचू."

इकडे माझ्या दिशेने गवत कापायचे यंत्र घरघरत येत होते. संपलो, असे मला वाटले. यंत्र दोन हातांवर थांबले. वरून अंबरीश उतरला, नागपूरचा सॉफ्टवेअरवाला, त्याच मैदानावर खेळणाऱ्या क्रिकेट क्लबचा हौशी कार्यकर्ता. "इतका नीट ठेवलाय म्हणजे न्यायला कोणीतरी येईनच," तो स्वतःशीच म्हणाला. "हलवला तर बिचारा शोधणार कुठे?" मराठी ऐकून मला रडूच आले. मला वळसा घालून त्याने सारे मैदान कापले.

एल्मर आला तो काठी टेकत सरळ शॉर्टस्टॉपच्या जागेवर. कापलेल्या मैदानात तेवढाच एक उंच गवताचा पुंजका उरला होता, आणि त्यात मी.

डॅनिएलाने मला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरले. "सॉरी, अंकल. मी नाही नेणार परत."

एल्मरने मला हातात घातले. बोटे वाकडी झालेली, सगळी आत जाईनात. "टाक," तो म्हणाला.

तिने चेंडू टाकला. त्याने झेलला. दुसराही झेलला. तिसरा पायाशी पडला, तेव्हा तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग मला काढून त्याने तिच्या हातात घातले.

"माळ्यावर होता तेव्हा हा साठ वर्षं हरवला होता, पोरी," तो म्हणाला. "आज तीनच तास हरवला."

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखे कुणी असेल. त्याला खाली काढा, तेल लावा, वापरा. आणि ज्याने ते तिथे ठेवले त्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्याची सगळी हकिकत विचारा. तो हसून विषय बदलेल. तुम्ही उठू नका.