गोळीखाली दाबलेला ताप

धनुबाई सिस्टरनं थर्मामीटर उजेडात धरलं. "ताप नाही. खोकला?"

"नाही," नूतन म्हणाली.

सकाळी ब्राह्मणपुरीहून निघतानाच तिनं तापाची गोळी घेतली होती. तीन आठवडे रोज संध्याकाळी अंग तापत होतं, आणि आज तोंड धुताना थुंकीत लाल रेघ दिसली होती. नवऱ्याला, गोपाललाही तिनं हे सांगितलं नव्हतं.

क्रोन्स नावाच्या आजारानं तिच्या आतड्यांना जखमा केल्या होत्या. गेल्या वर्षी सलाईनमधून द्यायचा डोस पंधरा दिवस लांबला, तेव्हा दिवसातून बारा वेळा रक्ताचे जुलाब झाले. मुलीला कडेवर घ्यायचंही बळ उरलं नाही. या औषधानंच ती उभी राहिली होती. पण सुरतच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, यानं शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी होते. अंगात टीबी असेल तर तो भराभर पसरेल.

शहाद्याच्या छोट्या दवाखान्यात आज त्याच डोससाठी तिच्या हाताला सुई लावली गेली. सिस्टर औषधाची कुपी हलक्या हातानं फिरवत होती.

गोपालचा फोन वाजला. बोलून झाल्यावर तो म्हणाला, "छोटीले खोकला लागना, आई म्हनस."

दोन वर्षांची पोर नूतनच्याच कुशीत झोपायची.

बाटली टांगली गेली. नळी जोडून सिस्टरनं थेंब सोडायच्या चाकाला बोट लावलं.

"थांबा!" नूतननं नळी चिमटीत दाबली. "माले ताप येस. तीन हप्ता व्हयनात. थुंकीमा रक्त बी दिसनं."

गोपाल तिच्याकडे वळला. "माले काबर नही सांगं?"

"डोस बंद करतीन म्हनीसन."

सिस्टरनं नळी काढली आणि डॉक्टर भूमिकांना हाक मारली. एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग होता. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला.

"हे आज आत गेलं असतं तर तुम्हाला सावरणं अवघड गेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या.

मुलीचे रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस गोपाल नूतनशी बोलला नाही. छोटीला टीबी नव्हता. तरी खबरदारीच्या गोळ्या सुरू झाल्या. नूतनचे टीबीचे उपचार सुरू झाले. आतड्यांचं औषध निदान दोन महिने बंद.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब परतले. संडासाच्या दाराबाहेर गोपाल उभा होता.

"आज कितली वेळ?"

"सात," ती आतून म्हणाली.

त्यानं डॉक्टर भूमिकांना फोन लावला आणि तोच आकडा सांगितला.