भाल्याचं पेन

भुजंगरावांच्या घराण्याचा भाला पिढ्यान्‌पिढ्या कधी जमिनीला टेकला नाही. म्हैसूरच्या घोडदळात असलेल्या खापरपणजोबांचा तो भाला. घराण्याचा मान त्यावर उभा होता, असं भुजंगराव सांगत. आणि जमिनीला टेकला नाही हे तर अगदी खरंच होतं. कुवेंपुनगरातल्या घराच्या मागच्या पडवीत तो दोन दोऱ्यांना टांगलेला असे आणि त्यावर घरातले ओले टॉवेल वाळत.

पातं कुणी कधी मोडीत घातलं ते ठाऊक नव्हतं. दांड्याला वाळवी लागली, तेव्हा वीतभर लाकूड शाबूत निघालं. त्या वितीचं आता पेन झालं होतं, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीच्या सकाळी ते हातात घेऊन भुजंगराव घामाघूम होऊन बसले होते. पेनमधल्या रिफिलचं नाक आत जात नव्हतं.

हेब्बाळच्या एका कारखान्यात भुजंगरावांनी आयुष्यभर बाहेर जाणाऱ्या खोक्यांवर शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले तेव्हा त्यांनी मोबाइलवर बघून बघून लाकडी पेनं करायला घेतली. लाकूड ते बरं कातत. घोटाळा व्हायचा तो जोडताना. कधी क्लिप उलट्या बाजूला बसे, कधी वरचा तुकडा खाली जाऊन लाकडाच्या रेषा एकमेकींकडे पाठ फिरवत. पेन जोडण्यापेक्षा जोडलेलं उकलण्यातच त्यांचा हात जास्त बसला होता. नातेवाईक त्यांची पेनं प्रेमाने घेत आणि खिशाला लावत नसत.

या वेळी चूक अर्ध्या वेढ्याची होती. पेनच्या खालच्या तुकड्यात एकीकडून टोक आणि दुसरीकडून पितळी फिरकी दाबून बसवायची असते. फिरकी पिळली की रिफिल आतबाहेर होते. वाईसच्या जबड्यात धरून ती पेन्सिलीच्या खुणेपर्यंत दाबायची आणि तिथेच थांबायचं. भुजंगराव थांबलेच होते, तेवढ्यात बायकोने, अंबुबाईंनी आतून हाक मारली, "अहो, तो वाईस द्या इकडं, कुंकू लावायचंय," आणि दचकून त्यांचा हात आणखी अर्धा वेढा फिरला. फिरकी खोल गेली. आता कितीही पिळलं तरी रिफिलचं नाक तांदळाच्या दाण्याएवढं बाहेरच.

हे उकलायला टोकाच्या भोकातून बारीक सळई घालून फिरकीला उलट बाजूने हलके टोले मारायचे, बस. पण तोवर सळया, पकड, हातोडी, लेथ आणि त्यांच्या हातातून काढून घेतलेला वाईस असं सगळं झेंडूची फुलं लेवून पाटावर बसलं होतं. आयुधपूजा झाली होती. आणि या घराची रीत अशी, की पूजेला ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बन्नीच्या, म्हणजे शमीच्या झाडाला जाऊन आल्याशिवाय उचलायचं नाही.

आणि मुलीच्या, वाणीच्या लग्नपत्रिकेचा विधी दुसऱ्या दिवशी सकाळीच होता.

पत्रिका छापून तयार होती. दोन बापांच्या सह्या तेवढ्या बाकी होत्या. त्या भाल्याच्या पेनने होतील असं भुजंगराव बोलून बसले होते. जयलक्ष्मीपुरमच्या गंगाधररावांकडे, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांकडे, पहिल्यांदा गेले तेव्हा हॉलमध्ये भिंतीवर तलवार होती, चांदीच्या मुठीची. ती पाहुण्यांसमोर म्यानातून काढत नाहीत असं गंगाधररावांनी सांगितलं आणि चहाचा घोट घेऊन विचारलं, "तुमच्याकडं काय आहे?" भुजंगराव गडबडले. टॉवेलांचं सांगणं शक्य नव्हतं. त्या गडबडीत पेनचा शब्द गेला.

त्यांनी अंबुबाईंकडे एक सळई मागून पाहिली. पाच मिनिटांपुरती.

"सळई कुठली आता, देवी ती," अंबुबाई म्हणाल्या. "मुलगी द्यायच्या आधीच पूजा मोडली म्हणतील. बेडा री."

बेडा म्हणजे नको, आणि अंबुबाई कन्नडमध्ये नको म्हणाल्या की विषय संपे. भुजंगराव शेजारी नागरत्नांकडे गेले. त्यांनी कौतुकाने हॉल दाखवला. तिथे मिक्सरच्याही गळ्यात हार होता. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला दुकानाची पूजा करून, दारात कोहळा फोडून, शटर ओढून निघून गेला होता. आख्ख्या म्हैसुरात त्या दिवशी हत्यारं होती आणि एकही हात लावण्यासारखं नव्हतं. कुवेंपुनगरच्या रस्त्याने परत येताना त्यांना गंगाधररावांचा पांढरा रेशमी शर्ट दिसू लागला, त्याला खिसा, खिशात पेन, आणि खिशाखाली हळूहळू पसरत जाणारा निळा ठिपका.

घरात शिरताना कोपऱ्यातल्या छत्रीवर नजर गेली. छत्रीची पूजा कुणी करत नाही.

पडवीत बसून त्यांनी छत्रीची एक काडी मोडून घेतली, रिफिल काढून खिशात टाकली आणि काडी टोकाच्या भोकात घातली. बरोबर गेली. राहिली हातोडी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पायातली चप्पल काढली.

"अप्पा, काय करायलात?" वाणी दारात उभी होती.

"काही नाही. धर हे, घट्ट."

"चपलेनं?"

"रबराची आहे. लाकडाला धक्का बसत नाही."

"पणजोबांच्या भाल्याला?"

"खापरपणजोबांच्या," भुजंगराव म्हणाले आणि पहिला टोला मारला.

वाणी उकिडवी बसून पेन धरून राहिली. आठवडाभर हेब्बाळला कंपनीच्या बसने जाणारी मुलगी, लग्नानंतर पुनीतबरोबर पुण्याला जाणार होती. प्रत्येक टोल्याला भुजंगरावांचे डोळे मिटत. लाकूड तडकलं तर दुसरं नव्हतं.

"फुटलं तर फुटू दे की अप्पा," ती म्हणाली. "पुनीत सही मोबाइलवर बोटानं करतोय. पेन नसलं म्हणून लग्न थांबत नाही."

"तेच तर," भुजंगराव म्हणाले.

फिरकी खुणेवर आली. त्यांनी दोन्ही तुकडे जोडले, पिळून पाहिलं, नाक दिसेना. तांदळाचा दाणा गेला. पुन्हा पिळून ते बाहेर येतं का, हे बघायची त्यांची छाती झाली नाही. पेन त्यांनी रेशमी रुमालात गुंडाळलं. शर्ट घामाने ओला झाला होता, तो काढून धुण्याच्या बादलीत टाकला. वॉशिंग मशीनलाही कुंकू लागलं होतं, म्हणून धुणं उद्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी गंगाधरराव खरंच पांढऱ्या रेशमी शर्टात आले. भटजींनी पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावली. भुजंगरावांनी रुमाल उघडला तेव्हा बायकाही वाकून पाहू लागल्या. गंगाधररावांनी पेन घेतलं, वळवून वळवून पाहिलं, खापरपणजोबांचं नाव विचारलं आणि पेन पिळलं.

काही बाहेर आलं नाही. त्यांनी पुन्हा पिळलं. भोकातून आत पाहिलं. मग भुजंगरावांकडे पाहिलं.

भुजंगरावांचा हात नकळत छातीच्या खिशाकडे गेला. नवा शर्ट, खिसा रिकामा. त्यांना सगळं कळलं, आणि कळून करण्यासारखं काहीच नव्हतं. अंबुबाई तबक घेऊन उभ्या होत्या. वाणी मान खाली घालून बसली होती.

गंगाधरराव पत्रिकेवर वाकले. त्यांनी डाव्या हाताने कागद धरला, पेनचं रिकामं टोक टेकवलं आणि सावकाश, वळणदार, शेवटच्या फाट्यासकट आख्खी सही केली.

"छान चालतंय," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं. "घ्या. तुमची."

भुजंगरावांनीही केली. भटजींनी एकदा कागदाकडे, एकदा दोन्ही बापांकडे पाहिलं, आणि तिघांपैकी कुणी काही बोलायच्या आत अक्षता टाकल्या. पत्रिकेची घडी झाली.

निघताना चपला घालण्यासाठी गंगाधररावांनी भुजंगरावांच्या खांद्याचा आधार घेतला.

"आमच्या म्यानात पातं नाही, भुजंगराव," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मूठ वरून चिकटवलीय. पुनीतला ठाऊक नाही."

"असू दे," भुजंगराव म्हणाले.

संध्याकाळी बन्नीला जाऊन आल्यावर हत्यारं मोकळी झाली. भुजंगरावांनी सळया पुसून डब्यात ठेवल्या. काम काही नव्हतं. अंबुबाईंनी मशीनचं कुंकू पुसलं आणि दोन दिवसांचं धुणं एकदम लावलं. कालच्या शर्टाचा खिसा निळा झाला होता. बरोबरचे टॉवेलही.