पोराच्या बापाची गल्ली

आमच्या सासूबाईंना, गोजरबाईंना, स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. डोकं शाबूत आहे, तोंड तर त्याहून शाबूत. पण गल्ली सासऱ्यांच्या नावाची, अन् नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. अहो, सासरे जाऊन किती वर्षं झाली. तरी हिंगोलीच्या स्टँडवर ऑटोवाल्याला सांगणार, "चाल बाबा, पोराच्या बापाच्या गल्लीला." तो बिचारा माझ्याकडं बघतो. मग मीच म्हणते, विश्वंभर गल्ली, अन् म्हातारी रस्ताभर फुगून बसते. वैताग आलाय मला ह्याचा.

हे नाव कागदावर कधी नव्हतंच. वावराचे प्लॉट पडले, पहिली घरं झाली, तेव्हा इथं यायला वाट नव्हती. सासऱ्यांनी आपल्या उभ्या तुरीतून पट्टा मोकळा करून दिला, फुकट. लोक आपसूक विश्वंभरची गल्ली म्हणू लागले. आता नगरपालिका पाटी लावून राहिली, तर नव्या बंगल्यांतल्या लोकांना 'रॉयल पार्क' पाहिजे.

रविवारी मारुतीच्या पारावर बैठक बसली. बंगलेवाल्यांचं पुढारपण हरीश सरांकडं. मी उठून नाव सांगितलं, तर म्हणाले, "वहिनी, तुमी तवा इथं नव्हत्या. वाट कोणी दिली ते मायनं सांगावं. तिनं नाव घेतलं की आमची तकरार न्हाई."

सासूबाई उठल्या. पदर सारखा केला. "पोराच्या बापानं दिली."

"नाव सांगा, माय."

"पोराच्या बापानं," त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. लोक चुळबुळ करायला लागले. सासऱ्यांची एवढी एकच खूण उरलेली, तीही जाणार म्हणून माझा जीव तुटत होता, अन् रागही येत होता. मी हळूच म्हणाले, "आत्याबाई, घ्या ना. आता कोणाचं आयुष्य कमी व्हायचं राहिलंय?"

त्यांनी असं पाहिलं माझ्याकडं, की मला माझीच लाज वाटली. मग लोकांकडं पाठ केली अन् मान खाली घालून म्हणाल्या, "विश्वंभर."

सगळ्यांनी हात वर केले. नाव कायम झालं.

घरी येऊन त्या ओट्यावर बसल्या. चहा दिला, तो तसाच गार झाला.

"जिंकलो की आपण," मी म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पण येवढे दिवस जपून ठेवलं होतं गं मी त्यांला. आज गेले."