चुकलेले टेक

भाऊजींनी आयुष्यभर पडद्यावर मार खाल्ला, पण नाव काही झालं नाही. परदेशी हेरमालिकांना ते आपल्या भाषेत आवाज द्यायचे. हेराला नव्हे, त्याचा आवाज ठरलेला आणि महागडा. भाऊजींच्या वाट्याला यायचा दारावरचा पहारेकरी, ट्रे घेऊन उभा असलेला वेटर, नाहीतर पहिल्याच भागात गळा आवळून मरणारा तिसरा रक्षक. "मरण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय," असं ते स्वतःच म्हणायचे आणि मरतानाचा हुंकार चार तऱ्हांनी करून दाखवायचे.

तेच भाऊजी गेले नऊ दिवस सगळ्या बातम्यांत झळकत होते. चौकातल्या टीव्हीच्या दुकानात एकाच वेळी चौदा पडद्यांवर त्यांचा चेहरा, आणि खाली लाल पट्टीत एकच शब्द: हेर. एका वाहिनीने तर कहर केला. भाऊजींनी कुठल्याशा मालिकेत रक्षकाच्या तोंडी म्हटलेलं वाक्य, "साहेब, कागद माझ्याकडे आहेत," पुरावा म्हणून दिवसभर वाजवलं. लाज नावाची चीज या लोकांनी कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

वहिनी त्या दुकानावरून जाताना मान खाली घालून चालायची. वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको, पण स्टुडिओत झाडूवालीपासून नटांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. नवरा गेल्यावर त्याचा दोन खोल्यांचा डबिंग स्टुडिओ तिने एकटीने चालवला. एका खोलीत बोलणारा बोलतो, मध्ये काच, दुसऱ्या खोलीत यंत्रांपुढे बसून ती ऐकते. पंचवीस वर्षं ऐकून ऐकून तिचे कान असे झाले होते की फोनवर नुसतं 'हॅलो' ऐकून ती समोरच्याला सर्दी आहे की तो रडून आलाय ते सांगायची.

भाऊजी अडकले ते तिच्यामुळे. हे तिला माहीत होतं आणि भाऊजींनाही.

वर्षभरापूर्वी नदीकाठच्या मजूरवस्तीत पाणी शिरलं आणि एकसष्ट माणसं अंथरुणातच गेली. धरणाचा दरवाजा आपोआप निखळला, असं सरकारने सांगितलं. पण मंत्र्यांच्या दालनात एक लघुलेखिका होती. 'दरवाजे उघडा, वरच्या अंगाची गोदामं वाचली पाहिजेत, वस्तीला कळवत बसू नका,' हा हुकूम तिने स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता. गोदामं मंत्र्यांच्या व्याह्यांची. एका माहितीपटवाल्याने तिची साक्ष चित्रित केली, चेहरा पुसला, आणि आवाज बदलून घ्यायला तो वहिनीकडे आला.

लघुलेखिका स्वतः सोबत आली होती. पर्स मांडीवर घट्ट धरून खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मी अजून रोज तिथेच कामाला जाते. नाही गेले तर कळेल त्यांना."

यंत्राने जाड-बारीक केलेला आवाज यंत्रानेच परत मूळ रूपात आणता येतो, हे वहिनीला ठाऊक होतं. म्हणून तिने वेगळी युक्ती केली. आवाजच दुसऱ्याचा घ्यायचा, आणि तोही पुरुषाचा. त्या दालनात त्या दिवशी अकरा पुरुष होते आणि बाई एकच. शोधू देत अकराजणांत! आपल्या अकलेवर वहिनी इतकी खूश होती की तिने लगेच भाऊजींना फोन केला.

भाऊजींनी कामाचं सोनं केलं. मूळ आवाज कानात ठेवून त्यांनी त्या बाईचा दम, तिचं अडखळणं, मध्येच गिळलेला हुंदका, सगळं उचललं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायला मिळालं होतं. माहितीपट फोनाफोनांवर पसरला. लोक स्वयंपाकघरात, बसमध्ये, कचेरीच्या जिन्यात तो आवाज ऐकून रडले. मंत्र्यांची खुर्ची डगमगली. माहितीपटवाला वेळीच देश सोडून गेला.

आणि मग माशी शिंकली. सरकारने लाखो फोन-संभाषणांतून तो आवाज जुळवून काढला, आणि भाऊजी बायकोला "येताना दूध आणू का?" असं विचारताना सापडले. मंत्र्याच्या कचेरीत त्यांनी कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं, पण अडतंय कुठे? खोट्या नावाने आत शिरलेला हेर, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते असं. भाऊजींनी चौकशीत सांगितलं की एका अनोळखी माणसाने हॉटेलच्या खोलीत कागद वाचून घेतला. वहिनीचं नाव त्यांनी ओठांवर येऊ दिलं नाही.

काल सकाळी भाऊजींचे वकील स्टुडिओत आले. चहाला नको म्हणाले, यावरूनच वहिनीने ओळखलं की बातमी बरी नाही.

"उद्या नव्हे, परवा अकराला सुनावणी. चौदा वर्षं मागतायत. तुमच्याकडे ते चुकलेले टेक आहेत ना?"

होते. नवऱ्याचा नियमच होता, चुकलेला टेकही पुसायचा नाही. भाऊजी मध्येच खोकतात, "सॉरी, पुन्हा घेऊ" म्हणतात, एकच वाक्य सहा वेळा करतात, सगळं जसंच्या तसं होतं.

"स्वतःची साक्ष देणारा माणूस 'पुन्हा घेऊ' म्हणत नाही," वकील म्हणाले. "ते ऐकल्यावर कुठलंही न्यायालय त्यांना सोडेल. फक्त रेकॉर्डिंग अखंड हवं. एक सेकंद कापलेला दिसला तर ते कचरा. सरकारी प्रयोगशाळा तपासणार. आणि वहिनी, तुम्ही आत जाल."

"माझी बॅग भरलेली आहे," वहिनी म्हणाली, आणि ते खरं होतं. मजकूर पळालेल्या माहितीपटवाल्याने आणून दिला, बाकी मला काही ठाऊक नाही, हेच घोकत बसायचं असं तिने ठरवलं होतं.

वकील गेल्यावर तिने ते टेक काढले, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटले. भाऊजींचा आवाज आला. "त्या दिवशी मी वही घेऊन आत गेलो..." मग खोकला. मग शांतता. त्या शांततेत, फार खोल, कोणीतरी बोलत होतं.

वहिनीने आवाज वाढवला. ती बाई होती.

भाऊजींचा डावा कान लहानपणापासून अधू. म्हणून हेडफोन कायम भडक आवाजात, आणि स्वतःचं बोलणं ऐकू यावं म्हणून एक बाजू कानामागे सरकवलेली. त्या उघड्या बाजूतून कानातला आवाज बाहेर पडतो आणि माईकमध्ये जातो. स्टुडिओत याला आवाज सांडणं म्हणतात. "भाऊजी, सांडतंय हो!" म्हणून ती त्यांना शंभरदा ओरडली होती. माहितीपटात गेलेला आवाज तिने निवडून, धुऊन, खाली नदीचा आवाज भरून दिला होता. चुकलेल्या टेकना कोण धुतो? आणि त्या साक्षीच्या दिवशी ती ओरडली नाही, कारण भाऊजी इतकं सुंदर बोलत होते की तिला मध्ये तोडवेना.

काल दिवसभर तिने काय काय करून पाहिलं! बारीक आवाज गाळले, तर भाऊजींचा आवाज पत्र्यासारखा झाला, आणि गाळल्याची खूण प्रयोगशाळेला मिनिटात कळली असती. शांततेचे तुकडे कापावेत, तर कापलेलं चालत नाही. नवं रेकॉर्डिंग करावं, तर बोलणारा तुरुंगात. सरकारी माणसाने आवाज चारपट वाढवला की पुरुषाच्या मागची बाई ऐकू येणार. आणि त्या दालनात बाई एकच.

इकडे आड तिकडे विहीर, असं लोक सहज म्हणून जातात. वहिनी संध्याकाळपर्यंत दोन्हींच्या काठावर बसून राहिली. एकीकडे भाऊजी: लग्नानंतर तिला या घरात पहिल्यांदा हसवणारा माणूस, नवऱ्याच्या आजारपणात आठ महिने उशाशी बसलेला. दुसरीकडे खुर्चीच्या कडेवर बसणारी एक परकी बाई. ती मागच्याच आठवड्यात बसथांब्यावर दिसली होती, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नव्हतं. भाऊजींना चौदा वर्षं. त्या बाईला चौदा वर्षंसुद्धा मिळणार नाहीत. धरणाच्या चौकीदाराने तोंड उघडायचं ठरवलं होतं, तो दुसऱ्याच दिवशी कालव्यात सापडला होता.

आज सकाळी जाऊ आली. भाऊजींची बायको. नऊ दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

"ताई, वकील म्हणाले तुमच्याकडे काहीतरी आहे, त्याने हे सुटतील. आहे ना?"

जावेला लघुलेखिकेबद्दल काहीच माहीत नव्हतं. कळून उपयोग काय? तीही माणूसच. नवरा सोडवायला तिने ते नाव चौकात उभं राहून ओरडून सांगितलं असतं, आणि तिला नावं ठेवायला कोणाची जीभ रेटली असती?

"आधी मला त्यांना भेटायचंय," वहिनी म्हणाली. "आजची तुझी भेटीची पाळी मला दे."

आठवड्याला एकच भेट मिळे. जावेने होकारार्थी मान हलवली. "द्या तर खरं, ताई. काय असेल ते द्या."

ती खाली रिक्षा बघायला गेली आणि वहिनीने दार लावून घेतलं. आणखी तासभर ते टेक जिवंत राहिले तर आपण ते वकिलांच्या हातात ठेवणार, हे तिला स्वच्छ कळत होतं. जावेचे गाल आणखी एकदा दिसले की संपलं. तिने सगळे टेक पुसले, पुसलेल्या जागेवर एका हेरमालिकेतल्या गोळ्यांचे आवाज भरले, आणि पुन्हा पुसले. बेसिनवर तोंड धुतलं. मग जाऊन रिक्षात बसली.

भेटीच्या खोलीत मध्ये काच होती आणि दोन्ही बाजूंना फोन. 'येथील संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते' असं भिंतीवर ठळक लिहिलेलं. एवढं तरी खरं बोलत होते. भाऊजी आले. दाढी वाढलेली, डावीकडची भुवई सुजलेली.

"ते जपून ठेवलंय ना, वहिनी?" बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. "रोज तेवढ्यावरच झोपतो मी."

काचेपलीकडच्या माणसाशी हातांनी बोलण्यात दोघांचा जन्म गेला होता. वहिनीने डाव्या कानाला बोट लावलं. मग पेला कलंडावा तसा हात कलता केला. सांडलंय. मग बाईच्या भूमिकेसाठी ते जी खूण करत, ती केली: मानेमागे अंबाड्याशी हात.

भाऊजींना कळायला वेळ लागला नाही. ते आपल्याच नखांकडे बघत बसले. पहारेकऱ्याने दोनदा घड्याळ पाहिलं.

"मी एक्कावन्न वर्षांचा आहे, वहिनी."

"हो."

"त्या वेळी तुम्ही मला विचारलं नव्हतंत. उद्या दहाला या, एवढंच म्हणालात. आलो. तुमच्या शब्दाबाहेर कधी गेलोय मी?"

"चुकलं माझं, भाऊजी."

"आज विचारायला आलात, हे बरं केलंत." त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "इथे रात्री काय करतात ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी चांगला माणूस आहे, वहिनी. पण एवढा नाही. ते देऊन टाका."

ती विचारायला आलीच नव्हती. ती सांगायला आली होती. झालं ते झालं, आता ओरडा माझ्यावर, थुंका या काचेवर, असं म्हणायला. शब्द तोंडाशी आले होते. समोर भाऊजींनी फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"देते," वहिनी म्हणाली.

भाऊजींनी एवढा मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली. तिच्या आवाजातलं खोटं त्यांना एरवी एका शब्दात कळलं असतं, पण आज त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. ते मागे टेकले, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जुना मिश्कीलपणा आला.

"आणि हिला सांगा, उद्या कोर्टात माझे तपकिरी बूट आणायला. बाहेर कॅमेरे असतील. या चपलांत सुटून आलो तर शोभायचं नाही."

पहारेकऱ्याने त्यांना उठवलं. दाराशी वळून त्यांनी अंगठा दाखवला, टेक छान झाल्यावर दाखवायचे तसा.

फाटकाबाहेर जाऊ उन्हात उभी होती. धावतच आली.

"काय म्हणाले?"

"उद्या तपकिरी बूट आण म्हणाले."

जावेने भर रस्त्यात वहिनीला मिठी मारली आणि हसत, रडत, हुंदके देत म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाटेत एका टपरीवर थांबून दोघींनी पॉलिशची डबी घेतली. घरी पोचल्यावर जाऊ बूट शोधू लागली, आणि वहिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसून जुन्या कापडाच्या चिंध्या फाडून देऊ लागली.