सावलीतला आकडा

“काका, वरच्या खोलीत मे महिन्यात तापमान किती जातंय?” बालाजीनं वहीवर पेन टेकवत विचारलं.

“चव्वेचाळीस. एखाद्या दिवशी पंचेचाळीस पूर्णांक चार,” तात्याराव म्हणाले. हे उत्तर त्यांच्या जिभेवरच असायचं.

“तसं न्हाई काका. ते गावाचं झालं. मी खोलीचं विचारायलो.”

खोलीचा आकडा तात्यारावांकडे नव्हता. बाजूला उभ्या असलेल्या नागेशला हसू फुटलं.

“दिव्याखाली अंधार म्हणतेत ते असं! चौतीस वर्षं अख्ख्या परभणीचं तापमान मोजलं आमच्या बाबांनी, अन् घरातल्या खोलीचं ठावं न्हाई.”

बालाजी पण हसला. तात्याराव मात्र गच्चीचा कठडा धरून खाली रस्त्याकडे बघत राहिले.

बालाजी वसमत रोडवरच्या एसीच्या दुकानातून आला होता. नागेश पुण्याची नोकरी सोडून बायकोसकट कायमचा घरी आला होता, आणि आल्या आल्या त्यानं पहिलं काम हे काढलं होतं. घर तीन मजली. खाली तात्याराव, मधल्या मजल्यावर नागेश आणि सुकेशनी, आणि वर गच्चीला लागून एकच मोठी खोली. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारं मशीन तिन्ही मजल्यांना बसवायचं, असा नागेशचा बेत होता. परभणीच्या उन्हाची कीर्ती सगळीकडे आहे. थंडीबद्दल सांगितलं की बाहेरची माणसं थापा समजतात. पण डिसेंबरात इथं पारा पाचावर येतो आणि माणसं दुपारी बारापर्यंत उन्हात भिंतीला चिकटून बसतात. तात्यारावांनी दोन्ही टोकं स्वतःच्या हातानं लिहिलेली होती.

ते वेधशाळेत निरीक्षक होते. सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला मैदानात जायचं, चार फुटी पायांवर उभी असलेली फटीफटींची पांढरी लाकडी पेटी उघडायची, आतल्या तापमापीचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पेटीत ऊन शिरत नाही, फक्त वारा फिरतो. त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही आकडा अंदाजे लिहिला नाही. मुलाच्या हळदीच्या दिवशीसुद्धा ते अडीचला सायकल काढून गेले होते. गल्लीतले लोक त्यांना मे महिन्यात अडवायचे. “तात्या, जरा कमी करा की! लय झालं!” तात्याराव कधी हसायचे नाहीत. “आज बेचाळीस पूर्णांक सहा,” एवढं सांगून पुढं जायचे. लोकांना उकडायचं ते आधी, पण किती उकडतंय हे ते तात्यारावांना विचारून ठरवायचे.

बालाजीनं खालचं मीटर बघून घेतलं होतं. आता तो अडचणीवर आला.

“तुमच्या घराला जो लोड मंजूर हाय, त्यात दोन मजले निघतेत. तिसऱ्याला तीन फेजचं कनेक्शन पायजे. अर्ज करा, पण ह्या उन्हाळ्यात काय व्हत न्हाई. एक मजला सोडावा लागंल.”

“मग वरचा सोडा,” नागेश लगेच म्हणाला. “खाली बाबा, मधी आमी. वर जुना कूलर टाकू.”

“वर सुकेशनीच्या शिकवण्या हायत न्हवं?” तात्यारावांनी विचारलं.

सुकेशनी चहाचे कप घेऊन तेवढ्यात वर आली होती. दहावीची पोरं पुढच्या आठवड्यापासून येणार होती, दुपारी बारा ते चार. खाली पोरांचा गलबला नको म्हणून तिनं आपणहूनच वरची खोली निवडली होती.

“मला चालंल, बाबा,” ती म्हणाली. “चार तासांचा तर सवाल हाय. पंखा हाय की वर.”

तात्यारावांनी कप हातात घेतला आणि तसाच कठड्यावर ठेवला. चार तासांचा तर सवाल. हेच शब्द त्यांनी ह्याच गच्चीवर एकदा ऐकले होते, बायकोच्या, सगुणाबाईच्या तोंडून.

सगुणाबाई वालूरची. ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारी बाई मोहल्ल्यात नव्हती. घर वाढलं तेव्हा तिनं शिलाई मशीन वरच्या खोलीत नेलं, कारण खाली गिऱ्हाईक बायकांची ये-जा सुरू झाली की तात्यारावांची दुपारची झोप मोडायची. लग्नसराईत ती सकाळी वर चढायची ती दिवेलागणीलाच उतरायची. वर पंखा होता, पण स्लॅब तापला की तो गरम हवाच खाली फेकायचा. कूलर एकच होता, खाली, तात्यारावांच्या खाटेसमोर. दुसरा घेऊ म्हणून दोनदा विषय निघाला. मे महिन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, दुसऱ्या कूलरमध्ये काय ओतायचं, असं म्हणून तात्यारावांनी तो मिटवला होता.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या एका दिवशी ते नोंद घेऊन सव्वातीनला घरी आले. सगुणाबाई भिंतीला हात लावत लावत जिना उतरली.

“अहो, वर बसवत न्हाई आज. डोकं गरगरायलंय. लय तापलंय बगा. मशीन खाली घिऊ का?”

तात्याराव शर्टाची बटणं काढत होते. त्यांनी मागं वळून पाहिलंही नाही.

“आज चव्वेचाळीस पूर्णांक दोन हाय. काल चव्वेचाळीस पूर्णांक आठ व्हतं. कालच्यापेक्षा कमीच हाय.”

“असं का?” सगुणाबाई म्हणाली. तिनं माठातलं दोन तांबे पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं. जिंतूरच्या नवरीचा ब्लाउज संध्याकाळी द्यायचा होता. ती पुन्हा वर गेली. तात्याराव कूलरसमोर आडवे झाले आणि त्यांना छान झोप लागली.

साडेपाचला ते वर गेले तेव्हा तिचं डोकं मशीनवर टेकलेलं होतं. त्यांनी खांद्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. डॉक्टरांनी मरणाचं कारण हृदयाचं लिहून दिलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आलेल्या माणसांना तात्यारावांनी सांगितलं की बसल्याजागी गेली, काही बोललीच नाही, त्रास झाला नाही. नागेशलाही हेच सांगितलं. तेव्हापासून ती गोष्ट त्यांच्या पोटात होती. आता ती बाहेर काढली नाही तर सून त्याच खोलीत जाऊन बसणार होती, आणि काढली तर मुलगा पुन्हा त्यांचं तोंड बघेल की नाही ह्याची त्यांना खात्री नव्हती.

“बाहेरचं युनिट कुठं बसतंय ते बघून येतो,” असं म्हणून बालाजी पाण्याच्या टाकीकडे गेला. सुकेशनी कप गोळा करून खाली उतरली.

“नागेश, वरचा सोडू नको,” तात्याराव म्हणाले.

“बाबा, ती स्वतः म्हणायली चालंल.”

“तुझी आई पण म्हणायची.”

नागेशनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. तात्याराव कठड्यावरून हात काढून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

“ती बोलली व्हती त्या दिवशी. काही बोलली न्हाई म्हणून सांगितलं मी, ते खोटं हाय. खाली आली, म्हणाली डोकं गरगरायलंय, मशीन खाली घिऊ का. मी तिला आकडा सांगितला. कालच्यापेक्षा कमी हाय म्हणलं. अन् तिनं ऐकलं रे. तिचं अंग जळायलं व्हतं, तरी तिनं माझ्या आकड्यावर भरवसा ठेवला. तो आकडा सावलीतला. गवतावरच्या पेटीतला. ह्या स्लॅबखाली किती असंल ते मी कधी बघितलंच न्हाई. एक तापमापी आणून खिळ्याला लटकवायची, एवढंच व्हतं.”

तात्याराव शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नागेश येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.

“मला आईचा फोन आलता त्या दिवशी,” तो म्हणाला.

“कवा?”

“चारला. वरूनच केलता. म्हणाली, तुझे बाबा म्हणतेत आज कमी हाय, पण मला कसंतरीच व्हायलंय. मी ऑफिसात व्हतो. मोबाइलवर परभणीचं बघितलं, चव्वेचाळीसच दाखवायलं व्हतं. म्हणलं, बरोबर हाय बाबांचं, आई. लिंबू-पाणी पी अन् काम उरकून घे.” त्यानं हातातला मोबाइल पायरीवर उपडा ठेवला. “असं का, म्हणाली. अन् ठिवला फोन.”

तात्यारावांनी डोळे मिटले. ते ‘असं का’ त्यांना ऐकू आलं, जसंच्या तसं.

“मला कामून सांगितलं न्हाईस?”

“तुमी म्हणलात, काही बोलली न्हाई. मग मला वाटलं, तुमच्याकडून तिनं नुसता आकडा ऐकला, तरास मला एकट्यालाच सांगितला, म्हणजे माझंच चुकलं. तुमाला कसं सांगू? चार वर्षं झाली, बाबा. घरी आलो की ह्या जिन्याकडं बघवत न्हाई मला.”

म्हणजे आपण स्वतःला वाचवायला एक खोटं बोललो आणि तेवढ्यानं पोराचा जीव चार वर्षं जळत राहिला, हे तात्यारावांच्या ध्यानात आलं. त्यांनी नागेशच्या पाठीवर हात ठेवला. दोघांनाही रडू आलं नाही. रडायचं ते चार वर्षांपूर्वीच, एकेकट्यानं, वेगवेगळ्या गावात होऊन गेलं होतं.

बालाजी टाकीकडून परत आला. बापलेकांना असं पायरीवर बसलेलं बघून तो जरा घुटमळला.

“ते... खालच्या अन् मधल्या मजल्याचं माप घिऊ का मग?”

“आधी वरचं घ्या,” नागेश उठत म्हणाला. “वरचं अन् बाबांचं. मधलं राहू द्या.”

“खालचं राहू दे,” तात्याराव म्हणाले. “तुमी दोघं बिनघोर झोपा. मला कूलर पुरतो.”

“बाबा...”

“पुरतो म्हणलं न्हवं! अन् तीन फेजचा अर्ज उद्याच टाक.”

नागेशनं वाद घातला नाही. बालाजीनं खोलीचं दार ढकललं. कोंडलेली धग आतून अंगावर आली. एप्रिलच होता अजून. खोली रिकामी होती. खिडकीखाली फरशीवर मशीनच्या चार लोखंडी पायांचे गंजके डाग तेवढे उरले होते. तात्याराव त्यांना वळसा घालून पलीकडच्या भिंतीपाशी गेले. बालाजीनं मोजायची टेप काढून तिचं टोक त्यांच्या हातात दिलं.

“भिंतीला घट्ट धरा, काका.”

तात्यारावांनी टोक भिंतीला लावलं आणि वरून तळहात दाबला. बालाजी समोरच्या भिंतीकडे मागं मागं सरकत गेला.

“बारा फूट चार इंच,” तो म्हणाला. नागेशनं लिहून घेतलं. “झालं, काका. सोडा.”

तात्यारावांनी टेप सोडली. ती सरसर गुंडाळत गेली. भिंत भाजत होती, पण त्यांनी हात काढला नाही.