पूर्वेचा वारा

हिवाळ्यात पाण्यात उतरणाऱ्यांना आमच्या मक्कुम गावात वेडे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. कमरेला भलामोठा पतंग अडकवायचा, पायाखाली फळी घ्यायची, हातमोज्यांत थर्मासमधलं कोमट पाणी ओतायचं आणि दात वाजवत लाटांवर सुटायचं. हे वेड मला माझ्या मित्रानं, विबेनं लावलं. तेव्हा मी तिशीत होते, नुकता घटस्फोट झालेला, आणि सगळ्या जगावर डूख धरून बसलेली. तो म्हणाला, "हिस्के, एवढा राग घरात साठवू नकोस, वाऱ्यावर काढ." तेवीस वर्षं काढतेय, अजून संपलेला नाही.

दर फेब्रुवारीत आम्ही दोघं कधी न पाहिलेल्या किनाऱ्यावर जातो. विबेची बायको बौक्ये खुशाल जाऊ देते. आठवडाभर घर शांत राहतं, म्हणते. एका वर्षी किनारा त्यानं निवडायचा, दुसऱ्या वर्षी मी. निवडणारा नकाशा मांडून सगळं समजावतो आणि दुसऱ्यानं एकच प्रश्न विचारायचा, "पतंग तुटला तर वाहत कुठं जाशील?" उत्तर जमीन असेल तरच तिकिटं निघतात.

यंदा विबेची पाळी होती. जानेवारीतल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तर नॉर्वेचा नकाशा पसरला होता. बौक्ये चुलीपाशी वाटाण्याचं सूप ढवळत होती.

"हे बघ, पश्चिमेला तोंड करून असलेला किनारा," तो पेन्सिल टेकवत म्हणाला. "तीन किलोमीटर वाळू. माणूस नाही, काणूस नाही."

"मग मेलो तर कळवणार कोण?"

"तू बडबडत मरशील. ऐकू जाईल सगळ्यांना." तो हसला. "फेब्रुवारीत तिथं पूर्वेचा वारा. अगदी ठरलेला."

मी ठरलेला प्रश्न विचारला. त्यानं समुद्राकडून वाळूकडे एक जाड बाण काढला. "जाणार कुठं? अलगद वाळूवर."

मला वाटलं, माझी परीक्षा घेतोय. पूर्वेचा वारा पूर्वेकडून येतो, हे त्यानंच मला शिकवलेलं. तिथं तो जमिनीवरून येऊन सरळ खुल्या समुद्रात ढकलणार, आणि पुढं मैलोन्‌मैल काही नाही.

"पुरे झाली थट्टा. नीट सांग."

"नीटच सांगतोय." त्यानं त्याच बाणावर पुन्हा पेन्सिल फिरवली.

मी बौक्येकडे पाहिलं. तिचा हात थांबला होता. सूप खाली लागल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

विबे चष्मा आणायला आत गेला तेव्हा ती माझ्याजवळ आली. "ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी सांगितलं. त्याला विसरण्याचा आजार आहे. तुला सांगायचं नाही म्हणून त्यानं शपथ घातलीय मला. हिस्के, माझं तो ऐकत नाही. तू त्याला थांबव."

मला आधी रागच आला. तीन महिने ही बाई गप्प बसली म्हणून. मग तिचे सुजलेले डोळे दिसले आणि माझीच मला लाज वाटली.

तो परत आला. मी भित्र्यासारखं खोटं बोलले. "माझा खांदा गेलाय रे. यंदा राहू दे."

"मग मी एकटा जातो," तो शांतपणे म्हणाला. "तिकीट आजच काढतो."

आता पळवाट उरली नव्हती. मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि त्याच्या बाणाशेजारी उलटा बाण काढला.

"विबे, वारा असा जाईल. माझा पतंग तुटला असता तर मी समुद्रात गेले असते."

तो नकाशावर वाकला. एकदा बोटानं पूर्व शोधली, मग पश्चिम. ओठ हलत होते. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"तुला मी तिकडं पाठवलं असतं?"

"हो."

स्वतःबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. नकाशाची घडी घालायला लागला, पण घडी जमेना, म्हणून बौक्येनं घातली. "मग नको," तो म्हणाला. "तू जा, दुसरा किनारा निवडून. आपली पद्धत मोडायची नाही. परत आलीस की मला सगळं सांग."

मी हो म्हटलं. फेब्रुवारीत मी कुठंच गेले नाही. खांदा धडधाकट होता, पण निघावंसंच वाटेना. उभ्या आयुष्यात मला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये भेटायला गेले. तो खिडकीशी बसला होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, "काय गं, कसं होतं नॉर्वेचं पाणी?"

"थंड होतं रे. फार थंड."

"आणि वारा?"

"छान होता. वाळूकडे ढकलणारा."

त्यानं मान हलवली. मग जरा चाचरत त्यानं विचारलं, "मी होतो ना बरोबर?"

"होतास की," मी म्हटलं. "तूच तर माझा पतंग हवेत सोडलास."