जासूसाचा आवाज

सिनेमात बाबांना दुसऱ्या कुणाचा तरी आवाज देण्याची परवानगी मागायला शादाब आला होता.

बाबा, म्हणजे टेमघरचे लडकू, आयुष्यभर फखरुद्दीनशेठच्या यंत्रमाग कारखान्यात लूम चालवत. शेठचा मुलगा शादाब त्यांना घेऊन एका बावळट जासूसाचा सिनेमा काढत होता. त्याला चालता कारखाना दाखवायचा होता आणि शूटिंगसाठी लूम थांबवायला शेठ तयार नव्हते, त्यामुळे खडखडाटाशिवाय काहीच रेकॉर्ड झालं नाही. आवाज मागाहून भरायचा होता. त्याआधी बाबा गेले.

बाबांच्या तोंडी परका आवाज मला सहन झाला नसता. मी नको म्हणाले. मग मुका सिनेमा कोण बघणार, असं शादाबने विचारलं. निदान एकदा बघा, ताई, म्हणाला.

शुक्रवारी लूम बंद असतात. शेडच्या भिंतीवर कोरं कापड ताणून त्याने सिनेमा लावला. आई आली, कामगार आले.

पडद्यावर बाबा चोरीला गेलेल्या ताग्यांवरच ऐटीत बसून तागे शोधत होते. तेलावर घसरून शेठलाच बेड्या घालत होते. आवाज फक्त पंख्याचा. लोक आता उठून जातील, असं मला वाटलं.

मग बाबा एका बकरीला काहीतरी म्हणाले आणि सगळी शेड हसली. पुन्हा ओठ हलले, पुन्हा हशा.

आईने याच शेडमध्ये वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तीही तोंडाला पदर लावून हसत होती. काय म्हणाले, मी विचारलं.

"तुला न्हाय कललं? बकरीला बोलतान, खरा सांग, न्हायतं तुजा दूध जप्त करीन."

चालू लूमपुढे कानांचा उपयोग नसतो. इथे माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, भांडतात, चेष्टा करतात. ते मला ठाऊक होतं. पण अख्खी शेड एकाच माणसाला असं वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. आई पुढचं सगळं त्यांच्या ओठांबरोबर हळू बोलत राहिली. मी तिच्याजवळ सरकून ऐकत होते.

सिनेमा संपल्यावर शादाबने पुन्हा विचारलं, आवाज कुणाचा घ्यायचा?

"आईचा," मी म्हणाले.

आई लाजली. पुरुषाला बाईचा आवाज, लोक काय म्हणतील?

"चंद्रावहिनी," जुना कामगार मोरू म्हणाला, "घरी तरी कुणाचा चालायचा?"

शादाबने सिनेमा पुन्हा सुरू केला आणि तिच्यापुढे मोबाईल धरला. आईने घसा खाकरला, आणि बाबांनी तोंड उघडायची वाट बघत बसली.